मुलींचा खेळ कितवीत थांबतो?

कुणी भांडी आवरत असाल, कुणी रानातून येऊन टेकला असाल, जिथं असाल तिथं दहा-पंधरा मिनिटं आमच्याबरोबर बसा. आज हप्त्याचं, कर्जाचं काही नाही. आज आपल्या मुलांच्या खेळाचं बोलायचं आहे, आणि त्यातही मुलींच्या.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि आम्ही सहज विचारलं, "तुमची लेक शेवटची कधी पळाली? एसटी चुकेल म्हणून नाही हं, खेळताना." थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग एक काकू म्हणाल्या, "सहावीपर्यंत लंगडी खेळायची. आता मोठी झाली ना ती." लेक आठवीत आहे. तिचा भाऊ दहावीत आहे, तो रोज संध्याकाळी क्रिकेटला जातो. तो मात्र अजून "मोठा" झालेला नाही! आम्ही सगळ्या हसलो, पण घरी जाताना तो प्रश्न प्रत्येकीच्या डोक्यात होता.

हे एकट्या आपल्या गावाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी 2019 साली 146 देशांतल्या 11 ते 17 वर्षांच्या सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून मांडली. त्यात दिसलं, की 100 पैकी 81 मुलांच्या शरीराला पुरेशी हालचाल मिळत नाही. मुलग्यांमध्ये हा आकडा साधारण 78, तर मुलींमध्ये 85. भारतात तो 74 च्या आसपास, म्हणजे जगापेक्षा थोडा बरा. का बरा असावा? अभ्यासकांचा अंदाज असा, की मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात. बघा, एकाला खेळ आणि दुसरीला काम, हे जगाच्या अभ्यासातही उमटलं.

आता पुरेशी हालचाल म्हणजे किती? 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं. तीही अशी, की श्वास वाढला पाहिजे, अंग तापलं पाहिजे. ओळखायची खूण सोपी आहे. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, तर हालचाल मध्यम. दोन शब्द बोलून दम घ्यावा लागतो, तर जोराची. आठवड्यातून निदान तीन दिवस जोराची हालचाल हवी, आणि स्नायू-हाडं बळकट करणारीही हवी, म्हणजे उड्या, चढणं, ओढणं. हा तास एकदम मिळाला पाहिजे असं नाही. शाळेत भरभर चालत जाण्याची वीस मिनिटं, मधल्या सुट्टीतली पंधरा, संध्याकाळची पंचवीस, झाला तास. अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या पोरांना तर दिवसभरात मिळून तीन तास हुंदडू द्यायचं आणि मोबाइल, टीव्ही एका तासाच्या वर नाही.

इथं बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, "ताई, माझी पोरगी दिवसभर राबते की. झाडलोट, भांडी, भाकरी. झाला ना व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. हंडा घेऊन चढ चढताना छाती भरून येते, ती मेहनत शरीर मोजतंच. पण भाकरी थापताना, भांडी घासताना श्वास वाढत नाही. त्यात पळणं नाही, उडी नाही. शिवाय कामात मूल दुसऱ्याच्या हुकमावर हलतं. खेळात ते स्वतः ठरवतं, भांडतं, हरतं, पुन्हा डाव मांडतं. खेळ हा मुलांचा हक्क असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात लिहिलेलं आहे, आणि आपल्या देशानं तो करार 1992 मध्ये मान्य केला आहे. काम हा काही खेळाचा बदला नाही.

खेळानं आत काय होतं, तेही समजून घेऊ. पळताना हृदय जोरात रक्त ढकलतं, रोज ढकललं की ते बळकट होतं. स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून पुढं मधुमेहाचा धोका कमी होतो. पाय जमिनीवर आपटला की हाडाला धक्का बसतो, आणि त्या धक्क्यानं हाड आणखी घट्ट बनतं. हाडांची बहुतेक भरती विशीच्या आतच होते. बचत गटाच्या भाषेत सांगायचं, तर हाडांचं खातं तेव्हाच भरायचं असतं, चाळिशीनंतर आपण त्यातून फक्त काढत असतो. आणि आपण मुलीचा खेळ बंद करतो नेमका भरतीच्या वयात! खेळणाऱ्या मुलांना झोप चांगली लागते, मन हलकं राहतं, अभ्यासात लक्षही लागतं. दहावीचं वर्ष म्हणून खेळ तोडणं हा उलटा हिशेब आहे.

मग आपण थांबवतो कशामुळं? पहिलं कारण पाळी. पाळीत खेळल्यानं कोणतंही नुकसान होत नाही. झेपेल तेवढं चालणं, खेळणं केलं तर पुष्कळ मुलींचं पोटात दुखणं उलट कमी होतं. फार दुखत असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढंच. लागतं ते स्वच्छ कापड किंवा पॅड आणि शाळेत पाणी असलेलं शौचालय.

दुसरं, "माझी लेक लगेच दमते." हे आळसाचं लक्षण समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 100 पैकी 59 मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी लेक खरंच गिळते का, ते विचारा. खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तिसरं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही. लोक काय म्हणतील, आणि मैदानावरच्या पोरांची भीती. ही भीती खोटी नाही. म्हणून तर ते काम एकट्या आईचं नाही, गटाचं आहे.

आम्ही काय ठरवलं, ते सांगतो. शाळेच्या पटांगणात आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी पाच ते सहा मुलींचा तास. गटातल्या दोघी आळीपाळीनं कडेला बसतात, शेंगा फोडतात, गप्पा मारतात, लक्षही ठेवतात. खर्च दोरीचा आणि चुन्याच्या फक्कीचा. खो-खो, लंगडी, लगोरी, दोरीउड्या, आणि आपल्या मंगळागौरीच्या फुगड्या-झिम्मा आहेतच. तो एक तास पाणी भरायचं काम घरातल्या मुलग्यानं करायचं, असंही ठरलं. सगळ्या घरांत ते झालं नाही. एका घरी तर त्यावरून चार दिवस धुसफूस झाली. पण मुली येताहेत.

पटांगण मिळत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्याच कायद्यात शाळेला खेळाचं मैदान हवं असंही म्हटलेलं आहे. तिथं बसलेली बाई आपल्यातलीच आहे, तिला बोलतं करा.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपली प्रत्येक लेक तिथवर जाईल असं नाही, जायची गरजही नाही. तिला फक्त पटांगणापर्यंत जाऊ द्यायचं आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की हा दुसरा हिशेब मांडा, कुणाची लेक या आठवड्यात किती वेळा खेळली? आणि तिला बोलवायला पटांगणावर गेलात, तर पदर खोचून एक फुगडी तुम्हीही घाला.