विश्लेषण : शाळा ‘डिजिटल’ झाली, पण मुले किती शिकली? मोजायचे कसे?

जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही संच वेगाने येऊ लागले. कुठे शासकीय निधीतून, कुठे गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून. मात्र वर्गात टीव्ही लागला म्हणून मुलांना भागाकार येतोच असे नाही. प्राथमिक शाळा तंत्रज्ञानाचा वापर किती चांगला करते, हे तपासायचे कसे? ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे.

सध्या काय मोजले जाते?

प्रत्येक शाळा दरवर्षी ‘यूडायस प्लस’ प्रणालीत माहिती भरते. वीज आहे का, इंटरनेट आहे का, चालू स्थितीतील संगणक किती, अशा नोंदी त्यात असतात. या नोंदींवरून साधने कळतात, वर्गातला वापर फारसा कळत नाही. जिल्ह्यांच्या शैक्षणिक कामगिरीसाठी केंद्र सरकारचा ‘पीजीआय-डी’ हा ६०० गुणांचा निर्देशांक आहे. त्यात डिजिटल अध्ययनाला ५० गुण आहेत, तर शिकण्याच्या फलिताला तब्बल २९०. शाळा तपासतानाही हाच क्रम हवा : आधी मुलांचे शिकणे, मग यंत्रे.

केवळ साधनांनी फरक पडतो का?

पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित आणि भाषेत फरक आढळला नाही. उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांनी शाळा सुटल्यावर ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरले, तेव्हा साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. तो अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. हे सॉफ्टवेअर मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता, त्याला काय येते ते पाहून पुढचा प्रश्न देत होते. शिवाय तिथे लहान गटात शिकवणारे मार्गदर्शकही होते.

वर्गात नेमके काय पाहायचे?

पहिले, वेळ : मागच्या आठवड्यात कोणत्या वर्गाने, कोणत्या विषयासाठी, किती मिनिटे साधन वापरले? दुसरे, हात : टॅब मुलांच्या हातात असतो, की शिक्षक दाखवतात आणि मुले पाहतात? मागच्या रांगेतल्या मुलांची, मुलींची पाळी येते का? तिसरे, फलित : अपूर्णांकांचा व्हिडिओ संपल्यावर पाटीवर दिलेली पाच उदाहरणे किती जणांना सुटली? पाठाच्या आधीही तशीच पाच दिली असतील, तरच फरक कळतो. चौथे, खंड : वीज गेल्याने किंवा बिघाडामुळे साधन किती दिवस बंद होते?

दुरुस्तीचा पैसा कुठून येतो?

समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असते. ३१ ते १०० पटासाठी ते २५ हजार आहे. वीजबिल, इंटरनेट, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती हे सारे त्यातच भागवायचे. वाडी-तांड्यावरील छोट्या शाळेत प्रोजेक्टरचा दिवा गेला की तो महिनोन्महिने कपाटात पडून राहण्याची भीती असते, ती त्यामुळेच.

ऊसतोडीच्या हंगामात काय बदलते?

दिवाळीच्या सुमारास बीडमधून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. समजा, पटावर ४० मुले आहेत आणि त्यातली १५ पालकांबरोबर गेली. टॅब रोज वापरात असले, तरी त्या १५ जणांसाठी शाळा ‘डिजिटल’ नसते. उरलेल्या २५ जणांची सरासरी काढली, तर ही बाब अहवालात दिसतच नाही. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहिलेल्या मुलांना संध्याकाळी ही साधने मिळतात का? आणि परतलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढायला ती वापरली जातात का? एकाच मुलाला त्याच्या पातळीवरून पुढे नेणे, हे काम टॅब चांगले करू शकतो आणि त्याची सर्वाधिक गरज याच मुलांना आहे.

पालक काय करू शकतात?

शिक्षण हक्क कायदा २००९नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. साधनांच्या वापराची साधी नोंदवही ठेवा, ती बैठकीत मांडा, असे समिती सांगू शकते. तारीख, वर्ग, विषय, मिनिटे, पाच उदाहरणांपैकी किती सुटली आणि त्या दिवशी कोण गैरहजर, एवढे सहा रकाने पुरेत. नवा संच मागण्याआधी ही वही उघडली, तर जुना संच कोणाच्या उपयोगी पडला आणि कोण त्यापासून दूर राहिले, ते समजेल.