तापीवरचे पाहुणे



थंडी पडू लागली की कॉजवेवर पांढऱ्या पक्ष्यांची गर्दी होते. लोक त्यांना 'सीगल' म्हणतात आणि गाठिया टाकतात. (गाठिया हे काही त्यांचे अन्न नव्हे, पण सुरतेत पाहुण्याला फरसाण दिल्याशिवाय कोण राहणार!) मराठीत या पक्ष्याला कुरव म्हणतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट, लडाख व मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी जन्मतो. हिवाळ्यात तिकडे पाणी गोठते, म्हणून तो समुद्रकिनाऱ्याकडे व नद्यांकडे येतो. मात्र 'तपकिरी डोके' शोधायला गेलात तर फसाल, कारण हिवाळ्यात तो रंग जातो आणि डोळ्यामागे फक्त एक ठिपका उरतो.

इतक्या लांबून त्याला वाट कशी सापडते?

स्थलांतर करणारे पक्षी दिशा ओळखण्यासाठी सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा उपयोग करतात. सूर्य तर दिवसभर सरकतो, म्हणून त्याची जागा शरीरातील घड्याळाशी जुळवून पाहावी लागते. ताऱ्यांचे अधिक गमतीचे आहे. अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात लहान पक्ष्यांना तारांगणात ठेवून पाहिले. ज्या बिंदूभोवती आकाश फिरते तो बिंदू पिल्ले आधी हेरतात आणि त्यावरून उत्तर ठरवतात, असे आढळले. आपण ध्रुवतारा ओळखतो तसेच!

पण दिशा कळली म्हणजे गाव सापडले असे नाही. आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत ताप्ती लाईनने खानदेशात जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाला 'गाडी पूर्वेला जाते' एवढेच ठाऊक असते. आजोबांना मात्र नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर सगळे पाठ. मुलाला भलत्याच स्टेशनवर उतरवले तर तो पूर्वेलाच चालत राहील. आजोबा बरोबर घरी पोहोचतील.

पक्ष्यांचेही असेच असते. खानदेशात ज्वारीवर थवेच्या थवे उतरतात ती भोरडी (गुजरातीत वैया) तुम्ही पाहिली असेल. तिचाच युरोपातला भाऊबंद म्हणजे स्टार्लिंग. हॉलंडच्या पेरडेक यांनी प्रवासात असलेले हजारो स्टार्लिंग पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले आणि १९५८ साली निष्कर्ष छापले. मोठे पक्षी वाट सुधारून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. त्या वर्षी जन्मलेले मात्र उपजत दिशेनेच उडत राहिले आणि फ्रान्स, स्पेनमध्ये जाऊन पोहोचले. म्हणजे दिशा जन्मतः मिळते, ठिकाण प्रवासातून शिकावे लागते. हा प्रयोग कुरवांवर झालेला नाही हे खरे, पण अनुभवी पक्ष्याचे मोल त्यातून कळते.

आणि नेमके हे पाहुणे इथे असतानाच उत्तरायण येते. चुंबकत्व ओळखणाऱ्या पक्ष्याला हवेतला बारीक मांजा दिसत नाही. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, पण काच लावलेली सुती दोरीही पंख कापतेच. पक्षी पहाटे थव्याने बाहेर पडतात व संध्याकाळी परततात. त्या दोन वेळा पतंग खाली ठेवावा. झाडात, तारांत अडकलेल्या दोरीत पक्षी नंतरही कित्येक दिवस सापडतात, म्हणून वासी उत्तरायण झाल्यावर गच्चीवरची दोरी गोळा करा. तारांवरची मात्र मुळीच ओढू नका. जखमी पक्षी दिसला तर भोके पाडलेल्या खोक्यात अलगद ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि मोठ्यांना १९६२ वर फोन करायला सांगा.