फुलांचे दुकान : भांडवल किती आणि नासाडी किती?

नंदुरबार तालुका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मिरचीच्या बांधावर झेंडूच्या दोन-चार ओळी लावण्याची रीतही अनेक ठिकाणी आढळते. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींना आळा बसतो आणि सणासुदीस चार पैसे हाती येतात, असा तिचा दुहेरी लाभ आहे. या दोन-चार ओळींतूनच पुढे एक विचार डोके वर काढतो. फुले व्यापाऱ्यास घालण्याऐवजी आपणच शहरात दुकान का थाटू नये? कोरीटसारख्या गावास हा विचार दूरचा नाही. नंदुरबार शहरातील एका नाक्यास कोरीट नाका असेच नाव आहे. विचार चांगला आहे. परंतु दुकान उघडण्यापूर्वी त्याचा हिशेब कागदावर मांडणे अगत्याचे आहे.

समजा, कोरीट येथील एका शेतकरी कुटुंबाने दहा गुंठे झेंडू लावला आहे. घरात हार गुंफू शकणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. शहरात एक गाळा भाड्याने मिळण्याजोगा आहे, पण त्याच्या अनामत रकमेसाठी घरातील डाग गहाण ठेवावा लागणार आहे. अशा वेळी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे कोणी सल्ला विचारला, तर त्याने काय सांगावे?

पहिला खर्च साहित्याचा. रस्त्याकडेच्या लहान दुकानास लाकडी मांडणी, ताडपत्री, वजनकाटा, बादल्या, टोपल्या, गोणपाट, कात्री, सुया व दोरा एवढे पुरते. मांडणी व ताडपत्रीस ६,००० रुपये, काट्यास २,५०० रुपये आणि किरकोळ साहित्यास १,५०० रुपये धरल्यास एकूण १०,००० रुपये होतात. हे आकडे हिशेबाची रीत दाखविण्यापुरते आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या बाजारातील दर घालावेत. काटा वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा. जुने पेले व टोपल्या घरच्याच वापरल्यास हा खर्च आणखी उतरतो. थोडक्यात, साहित्याचा खर्च एकदाच होतो व तो डोळ्यांस दिसतो. म्हणून त्याची भीती कमी.

खरा खर्च रोजचा असतो व तो केराच्या टोपलीत जातो. फूल तोडल्यावरही ते जिवंत असते. त्याचा श्वासोच्छ्वास चालू राहतो, पाकळ्यांतील पाणी उडत राहते आणि साठविलेले अन्न संपत जाते. खानदेशात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी टवटवीत दिसणारी टोपली दुपारपर्यंत मान टाकते. किराणा दुकानातील न खपलेली साखर उद्या विकता येते. न खपलेला मोगरा उद्या विकता येत नाही.

या नासाडीचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडावा. रोज २० किलो फुले ५० रुपये किलोने घेतली, तर खरेदी १,००० रुपये. विक्रीचा दर ९० रुपये धरल्यास नवखा दुकानदार म्हणतो, ‘विक्री १,८०० रुपये, म्हणजे नफा ८००.’ येथेच चूक होते. वाहतूक, जागेचे भाडे, दोरा, पाने व दिवाबत्ती यांस दिवसाला २०० रुपये लागतात. म्हणजे एकूण खर्च १,२०० रुपये झाला. तो भरून निघण्यास १४ किलो फुले खपावी लागतात. त्याआधी हाती काहीच उरत नाही. ५ किलो फुले वाया गेली, तर १५ किलोंचे १,३५० रुपये येतात व दोघांच्या दिवसभराच्या श्रमास अवघे १५० रुपये उरतात. तीच नासाडी २ किलोंवर आणली, तर विक्री १,६२० रुपये होऊन ४२० रुपये उरतात. केवळ तीन किलो फुलांनी हा फरक पडतो. दुकान मोठे केल्याने तो पडत नाही.

आपल्याच शेतातील फुले असली म्हणजे ती फुकटची, असे मानणे हीही मोठी चूक होय. व्यापाऱ्याने बांधावर जो भाव दिला असता, तो दुकानाच्या वहीत खरेदी म्हणून लिहावा. घरच्या माणसांची मजुरीही लिहावी. असे न केल्यास शेताचा नफा दुकान खाऊन टाकते आणि वर्षअखेर दोन्हींपैकी काय तोट्यात आहे ते उमगत नाही.

नासाडी कमी करण्याचे उपाय साधे आहेत. झेंडू पूर्ण उमललेला व सकाळी लवकर तोडावा. मोगरा कळीच्या अवस्थेत, गुलाब अर्धवट मिटलेला आणि निशिगंधाचे दांडे खालची दोन-तीन फुले उमलताच काढावेत. ढीग न करता फुले पसरून ठेवावीत. ओल्या गोणपाटाने झाकावे, पण पाणी साचू देऊ नये, कारण त्याने फुले कुजतात. दांड्याच्या फुलांस स्वच्छ पाणी द्यावे व ते रोज बदलावे. पिकत्या केळ्यांजवळ किंवा आंब्यांजवळ फुले ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने ती लवकर सुकतात. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांस बंदी आहे. त्यामुळे पुडीसाठी पळसाची किंवा केळीची पाने वापरणे कायद्यासही धरून आहे व फुलांसही मानवते.

खप मुळात ठरलेला असणे हा याहून मोठा उपाय आहे. दहा-वीस घरांस रोजची फुलपुडी लावून घेतल्यास किती फुले लागतील ते आदल्या रात्रीच कळते. गणेशोत्सव, नवरात्र व दिवाळी, तसेच सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि महाशिवरात्रीस प्रकाशे येथे होणारी गर्दी, हे खपाचे दिवस होत. उलट पितृपक्षात व लग्नसराई नसलेल्या महिन्यांत मागणी मंदावते. त्या दिवसांचे भाडे भरण्याइतकी रक्कम आधीच बाजूस ठेवावी.

दसऱ्यावर मात्र आंधळा भरवसा ठेवू नये. झेंडूची २५ ते ३० दिवसांची रोपे लावल्यावर सुमारे दोन महिन्यांनी फुले येऊ लागतात. हे गणित सर्वांनाच ठाऊक असल्याने सर्वांचा माल एकाच दिवशी बाजारात येतो, भाव कोसळतो आणि संध्याकाळी न खपलेले ढीग रस्त्यावर टाकून लोक घरी परततात. म्हणून तोरणांची व हारांची मागणी आठवडाभर आधी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. लग्नाच्या मंडपाचे कामही उधारीवर धरू नये.

जागेचे व भांडवलाचे काही मार्ग कायद्याने खुले आहेत. रस्त्याकडेला बसणाऱ्यास २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वये नगरपरिषदेकडून विक्री प्रमाणपत्र मिळू शकते. गाळ्यात मोजकेच कामगार असल्यास २०१७ च्या दुकाने अधिनियमानुसार केवळ सूचना द्यावी लागते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. लागवडीसंबंधी कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी. तथापि कर्ज साहित्यासाठी घ्यावे, नासाडी भरून काढण्यासाठी घेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या कुटुंबाने डाग गहाण ठेवावा काय? आज तरी ठेवू नये. आधी तीन महिने फुलपुड्यांचा रतीब घालावा व बाजाराच्या दिवशी एक मांडणी लावावी. वहीत रोज तीनच आकडे लिहावेत: किती किलो आणली, किती खपली आणि किती टाकली. टाकलेल्या फुलांचा आकडा दहा किलोंस एक किलोच्या आत आला व श्रमाची मजुरी सुटून काही शिल्लक राहू लागली, तर गाळ्याचा विचार खुशाल करावा. तोवर डाग घरातच शोभतो. फुलांच्या धंद्यात पहिले भांडवल म्हणजे ही वही होय, आणि ती थोड्याच पैशांत मिळते.