दहा खाचांची फळी

लाकडाची एक फळी. तिच्यात दहा खाचा कोरलेल्या: वर्तुळ, अर्धवर्तुळ, लंबवर्तुळ, चौरस, आयत, त्रिकोण, षटकोन, चांदणी, अधिकचं चिन्ह आणि शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन. प्रत्येक खाचेत नेमका बसेल असा एकेक ठोकळा. बालमार्गदर्शन केंद्र असो, मोठ्या रुग्णालयातला मानसशास्त्र विभाग असो की विशेष शाळेतली तपासणीची खोली, तिथल्या कपाटात ही फळी हमखास असते. तिचं नाव सेग्विन फॉर्म बोर्ड. तपासणाऱ्यांच्या बोलण्यात नुसतं 'एसएफबी'.

चाचणी पाच-दहा मिनिटांची. दहा ठोकळे काढून त्यांच्या तीन चळती रचतात आणि मुलाला सांगतात, "जमेल तितक्या लवकर सगळे आपापल्या जागी बसव बरं." घड्याळ चालू होतं. असं तीनदा. तिन्हींतला सर्वांत कमी वेळ धरायचा, तो तक्त्याशी ताडायचा आणि त्यावरून मुलाचं मानसिक वय काढायचं. साधारण साडेतीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ही चाचणी वापरतात. तिच्यात मुलाला बोलावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ऐकू न येणारं मूल, अजून बोलू न लागलेलं मूल, घरी माडिया किंवा भिलोरी बोलणारं मूल, काय करायचं ते हातानं दाखवलं की सगळ्यांना कळतं.

पण ही फळी मोजण्यासाठी जन्मली नव्हती. ती शिकवण्यासाठी घडवली गेली. शिकवण्याचं साधन मोजण्याचं साधन कसं झालं, हा प्रवास समजून घेतला की विशेष शिक्षणाचं मर्म हाती लागतं.

रानातला मुलगा आणि पॅरिसचा डॉक्टर

दक्षिण फ्रान्समधल्या अवेरों भागात 1800 साली रानात एकटा वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. वय अंदाजे अकरा-बारा. बोलता येत नव्हतं, माणसांत वावरता येत नव्हतं. हा जन्मतःच बुद्धिहीन आहे, असं मत मोठमोठ्या वैद्यांनी दिलं. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतल्या झाँ इतार या तरुण डॉक्टरला ते पटलं नाही. त्यानं मुलाचं नाव ठेवलं व्हिक्टर आणि जवळजवळ पाच वर्षं त्याला शिकवलं. फळीवर लाल वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौरस लावायचे आणि तसेच सुटे आकार मुलाकडून त्यांवर ठेवून घ्यायचे, हा त्याचा एक पाठ. व्हिक्टर बोलायला शिकला नाही. मात्र काही लिहिलेले शब्द ओळखू लागला, सांभाळ करणाऱ्या बाईंवर माया करू लागला. इतारला ते अपयश वाटलं. पुढच्या पिढीनं त्यात वाट पाहिली.

ती वाट धरणारा एदुआर सेग्विन. जन्म 1812. इतारच्या अखेरच्या काळात तो त्याच्या हाताखाली शिकला, आणि 1840च्या सुमारास त्यानं पॅरिसमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. अशा मुलांना त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवत. सेग्विनची धारणा साधी होती: आधी स्नायूंना वळण, मग ज्ञानेंद्रियांना, मग विचाराला. त्यासाठी त्यानं शिड्या, झोपाळे, मणी, खिळे आणि खाचांच्या फळ्या वापरल्या. खाच बोटानं चाचपायची, ठोकळ्याची कड चाचपायची, मग दोन्ही जुळवायचं. 1846 साली त्यानं ही पद्धत ग्रंथरूपानं मांडली. पुढे तो अमेरिकेत गेला आणि 1876 साली तिथं या क्षेत्रातल्या संस्थाचालकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष झाला.

फळीचा पुढचा एक प्रवास आपल्या ओळखीचा आहे. रोमच्या मनोरुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना पाहून अस्वस्थ झालेल्या मारिया माँटेसरींनी इतार आणि सेग्विन यांचे ग्रंथ स्वतःच्या हातानं उतरवून काढले. त्या साधनांनी ही मुलं शिकतात, तर इतर मुलं किती शिकतील, या प्रश्नातून 1907 साली रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह उभं राहिलं. तो विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून आपल्याकडे रुजला. बोर्डी आणि पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले घेतले. आज अंगणवाडीत मूल आकार जुळवतं, त्या खेळाच्या मुळाशी 'शिकू न शकणाऱ्या' मुलांसाठी झालेलं काम आहे. विशेष शिक्षण ही सर्वसाधारण शिक्षणाची वळचण नव्हे. बालशिक्षणातल्या कितीतरी उत्तम गोष्टी तिथूनच आल्या आहेत.

घड्याळ आलं

दुसरा प्रवास मोजमापाचा. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात मागे पडणारी मुलं दिसू लागली. त्यांना ओळखून वेगळी मदत द्यावी यासाठी 1904 साली सरकारनं आयोग नेमला, आणि 1905 साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी ही कायमची ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे असं मानायला बिनेचा ठाम विरोध होता. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यानं अवधानाचे आणि स्मरणाचे व्यायामही सुचवले होते. पण ही श्रेणी अमेरिकेत नेणाऱ्या हेन्री गोडार्डनं नेमकं उलटं मानलं: बुद्धी वंशानं येते आणि बदलत नाही. त्याच काळात सेग्विनच्या फळीवरही घड्याळ आलं. दहा ठोकळ्यांचं रूप पक्कं झालं, वयानुसार तक्ते बनले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांपुढे अशाच लाकडी कोड्यांच्या चाचण्या ठेवल्या गेल्या. बुद्धी वंशागत मानणाऱ्या या विचारातून पुढे सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले. आकड्यानं माणसाचं किती नुकसान होऊ शकतं, हे त्या काळानं दाखवलं.

भारतात ही साधनं बऱ्याच चांगल्या हेतूनं आली. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. 1934 सालची ती बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे. 1937 साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेत देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. नागपुरात ए. जे. मालिन यांनी परदेशी बुद्धिमापन चाचणी आणि सामाजिक प्रगल्भतेची श्रेणी भारतीय मुलांसाठी तयार केली. म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेतून 1971 साली जे. भरतराज यांनी सेग्विन फळीचे भारतीय मुलांचे तक्ते प्रसिद्ध केले. परक्या मुलांच्या मापानं आपली मुलं मोजायची नाहीत, ही त्या सगळ्यांची तळमळ होती.

आकड्यापलीकडे फळी काय सांगते

अनुभवी मानसतज्ज्ञ घड्याळापेक्षा मुलाच्या हाताकडे जास्त पाहतात. एक मूल ठोकळा उचलण्याआधी फळीभर नजर फिरवतं. दुसरं चांदणी घेऊन ती प्रत्येक खाचेवर दाबत सुटतं. वेळ दोघांना सारखा लागला तरी पहिलं विचारानं शिकतंय, दुसरं खटपटीनं, आणि दोघांना शिकवण्याची रीत वेगळी. कुणाला आकार ओळखता येतो, पण बोटं ठोकळा फिरवू शकत नाहीत. तिथं अडचण स्नायूंची असू शकते. एखादं स्वमग्न मूल सगळे ठोकळे झपाट्यानं बसवतं आणि समोरच्याकडे एकदाही पाहत नाही. एखादं ते बसवायचे सोडून एका रेषेत मांडत बसतं. ऐकू येत नसल्यानं 'मंद' ठरवलं गेलेलं मूल या फळीवर वयाला शोभेल असं काम करून जातं, आणि मग कानांची तपासणी करायला हवी हे लक्षात येतं.

सर्वांत मोलाची खूण तीन फेऱ्यांमधल्या फरकात असते. तक्ता फक्त सर्वांत कमी वेळ मागतो. पण पहिल्या फेरीत अडखळलेलं मूल तिसऱ्या फेरीत सफाईनं काम करत असेल, तर ते आपल्या डोळ्यांदेखत शिकलं. ते अहवालात लिहिलंच पाहिजे, कारण उद्याच्या शिक्षकाला तोच धागा हवा असतो.

फळीला न दिसणारंही खूप आहे. अध्ययन अक्षमता असलेलं मूल या चाचणीत बहुधा अडत नाही. ते अडतं अक्षरांपाशी. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. 'र' कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. घ-ध, भ-म, ब-व यांत फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा. आकार चटचट जुळवणारं, गप्पांत हुशार असलेलं मूल इथं घामाघूम होतं, आणि घरीदारी त्याला आळशी ठरवलं जातं. अशा मुलांना महाराष्ट्रात 1996पासून शालेय परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलती मिळू लागल्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता 21 प्रकारांत नोंदली गेली. हा मोठा विजय आहे. पण सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. जादा वेळ दिला तरी वाचन येण्यासाठी ध्वनी सुटे करून ऐकवावे लागतात, अक्षर वाळूत बोटानं गिरवून घ्यावं लागतं, एकच गोष्ट डोळा, कान आणि हात या तिघांतून न्यावी लागते. सेग्विननं खाच चाचपायला सांगितली होती ती याच विश्वासानं.

घड्याळ बाजूला ठेवून

विशेष शिक्षिका ही फळी कशी वापरतात, ते पाहण्यासारखं असतं. सुरुवात दहा खाचांनी होत नाही. बाकीच्या नऊ झाकून फक्त वर्तुळ उघडं ठेवतात, कारण ते कसंही फिरवलं तरी बसतं. मग वर्तुळ आणि चौरस. मग चौरस आणि आयत, म्हणजे फरक बारीक. मुलाचा हात आधी हातात धरून, मग मनगटाला आधार देऊन, मग नुसत्या बोटाच्या खुणेनं. मदत हळूहळू काढून घ्यायची. कधी उलट्या बाजूनं: नऊ ठोकळे बाईंनी बसवायचे, शेवटचा मुलानं, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. आणि फळीवरचं कौशल्य फळीवरच राहू नये म्हणून तेच घरात न्यायचं: डब्याला त्याचंच झाकण, शर्टाचं बटण त्याच्या काजात, कुलपाला किल्ली.

मोजमापही असं शिकवण्याकडे वळवता येतं. मद्रासमध्ये पी. जयचंद्रन आणि व्ही. विमला यांनी 1975च्या सुमारास जी पद्धत बांधली, तिच्यात जेवण, कपडे, भाषा, पैसा, वेळ, घरकाम अशी 18 क्षेत्रं आणि प्रत्येकात 20 पायऱ्या, एकूण 360. प्रत्येक वाक्य 'करतो' अशा रूपात. जिथवर 'करतो' पोचलं, तिथून पुढची पायरी हाच उद्याचा पाठ. बुद्ध्यंकाशी ताडून पाहा. सहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय चार वर्षं आलं की चाराला सहानं भागून, शंभरानं गुणून आकडा येतो 67. तोच आकडा असलेल्या दुसऱ्या मुलाला एव्हाना स्वतः जेवता येत असेल, पहिल्याला नसेल. आकडा दोघांना सारखाच लेखतो. पायऱ्या दोघांना वेगळं ओळखतात.

प्रमाणपत्रासाठी आकडा लागतो, त्यावर योजना आणि हक्क अवलंबून असतात, म्हणून तो नीट, मुलाच्या भाषेत, योग्य तक्त्यानं काढलाच पाहिजे. पण अहवाल हाती पडल्यावर आईवडिलांनी 'किती आला?' एवढंच विचारून थांबू नये. कुठल्या पायरीवर अडलं, तिसऱ्या फेरीत काय बदललं, कशी मदत दिल्यावर जमलं, पुढच्या तीन महिन्यांत घरी काय शिकवायचं आणि पुन्हा कधी पाहायचं, हे प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांची उत्तरं अहवालात असणं हे तपासणाऱ्याचं कर्तव्य आहे. मूल शिकू शकतं, हे धरून सेग्विननं काम सुरू केलं होतं. ज्या तपासणीतून एकही पाठ निघत नाही, ती अर्धीच झालेली तपासणी आहे.