एका कीपॅडवर घराची राखण किती?

रात्री दीड-दोनचा सुमार. वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबप्रमुखाला खालून काहीतरी सरकल्याचा आवाज येतो. घरात चांगली रक्कम मोजून बसविलेली 'बर्गलर अलार्म' यंत्रणा आहे. परंतु तिचे एकमेव कीपॅड आहे खाली, मुख्य दरवाजाशेजारी. मदतीसाठी धोक्याची कळ दाबायची, तर जिथे चोर असण्याची शक्यता तिथेच जावे लागणार!

रो-हाऊस आणि दुमजली बंगल्यांमध्ये हे चित्र सर्रास आढळते. त्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पहाटे मागच्या दाराने फिरायला निघणाऱ्या आजोबांनी रोज पुढच्या दाराशी जाऊन यंत्रणा बंद करावी, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. मग रात्री यंत्रणा चालू करणेच टाळले जाते आणि ती भिंतीवर शोभेपुरती उरते. मोबाइलवरून नियंत्रणाची सोय आता अनेक यंत्रणांत असली, तरी ऐनवेळी फोन आणि इंटरनेट दोन्ही हाताशी असतीलच असे नाही. शयनगृहात किंवा मागच्या दाराशी दुसरे कीपॅड बसविणे हा त्यावरचा सरळ उपाय होय.

कीपॅड हे यंत्रणेचे केवळ तोंड. मेंदू म्हणजे कपाटात किंवा माळ्यावर बसविलेले मुख्य पॅनेल. दोहोंमध्ये साधारणतः चार तारा असतात. 'डीएससी' कंपनीच्या 'पॉवरसीरिज' पॅनेलमध्ये लाल व काळी तार वीज पुरविते, तर पिवळी व हिरवी तार संदेशांची ने-आण करते. नवे कीपॅड याच चार तारांना समांतर जोडले जाते. पॅनेलपासून ३०५ मीटरपर्यंत तार नेता येते आणि एकूण आठ कीपॅड चालतात. त्यामुळे घरगुती वापरात अंतराची अडचण सहसा येत नाही. जोडणीपूर्वी पॅनेलचा वीजपुरवठा आणि बॅटरी, दोन्ही काढणे आवश्यक असते. घाईत तारांची अदलाबदल झाल्यास नवे कीपॅडच नव्हे, तर जुनी यंत्रणाही ठप्प होऊ शकते.

तारा जोडल्या म्हणजे काम संपले, असा समज मात्र चुकीचा आहे. पॅनेलला नव्या पाहुण्याची ओळख करून द्यावी लागते. हनीवेलच्या 'व्हिस्टा-२०पी' पॅनेलमध्ये पहिल्या कीपॅडचा क्रमांक १६ असतो; दुसऱ्याला १७ वा त्यापुढचा क्रमांक देऊन तो पॅनेलच्या प्रोग्रामिंगमध्ये नोंदवावा लागतो. ही नोंद राहिली, की पडद्यावर 'ओपन सर्किट' अशा अर्थाचा संदेश झळकतो आणि कीपॅड बिघडले म्हणून ते परत करण्याची घाई होते. प्रोग्रामिंगसाठी लागणारा 'इन्स्टॉलर कोड' तंत्रज्ञाकडेच राहिलेला असतो. तो यंत्रणा बसवितानाच लिहून घेतलेला बरा!

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते बॅटरीकडे. अशा पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. समजा, सेन्सरसह सगळी यंत्रणा २५० मिलिअँपिअर वीज घेत असेल, तर वीज गेल्यावर ती कागदोपत्री २८ तास तग धरेल. त्यात १०० मिलिअँपिअर घेणाऱ्या कीपॅडची भर पडली, की हाच अवधी २० तासांवर येतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल, तर प्रत्यक्षात तो आणखी कमी. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या उपनगरांत हा फरक किरकोळ नव्हे. पॅनेलची वीज पुरविण्याची कमाल क्षमताही आधी तपासून घ्यावी.

भिंती फोडायच्या नसतील, तर बिनतारी कीपॅडचा पर्याय आहे. पण ते पॅनेलशी जुळणारेच हवे. परदेशातील नातलगांकडून आणविलेले कीपॅड इथे निरुपयोगी ठरू शकते. हनीवेलची अमेरिकेतील अनेक बिनतारी उपकरणे ३४५ मेगाहर्ट्झवर चालतात, तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. शिवाय बिनतारी कीपॅडचे सेल वेळेवर बदलावे लागतात.

जागा निवडताना खिडकीसमोरची भिंत टाळावी. यंत्रणा चालू आहे की बंद, हे बाहेरच्याला दिव्यावरून कळता कामा नये. दाबले जाणारे आकडे तर नाहीच. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र कोड द्यावा, म्हणजे काम सुटल्यावर तेवढाच रद्द करता येतो.

शेवटी चाचणी. नियंत्रण कक्षाशी जोडणी असल्यास तिथे आधी कळवून, दोन्ही कीपॅडवरून यंत्रणा चालू-बंद करून पाहावी. एकावरून चालू केलेली यंत्रणा दुसऱ्यावरून बंद व्हायला हवी. धोक्याची कळही दोन्हीकडून दाबून पाहावी, कारण काही यंत्रणांत नव्या कीपॅडवर ही सोय वेगळी सुरू करावी लागते.