मेसेज कंपनीचा की चोराचा? फाइल उघडण्याआधी एवढं बघा



सोयाबीनचं माप झालं की सगळ्यांचं लक्ष पेमेंटकडं लागतं. हे भामट्यांनाही चांगलं माहीत असतं. अशा वेळी फोनवर मेसेज येतो, "तुमचा हप्ता थांबला आहे, सोबतची फाइल उघडून आजच केवायसी करा." फाइलचं नाव पीएम किसान, आणि नावाच्या शेवटी तीन अक्षरं: *एपीके*.

एपीके म्हणजे यादी नाही, फॉर्म नाही, ते ॲप असतं. ते फोनमध्ये टाकून मेसेज वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी चोरालाही दिसतो. तुम्ही कोणाला काही सांगितलेलं नसतं, तरी खातं रिकामं होतं. पीएम किसानच्या नावाने अशा फाइली महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या आहेत. दोन हजारांच्या हप्त्यापायी वर्षाची कमाई जाते. त्यात फाइल बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो. म्हणून "आपल्याच ग्रुपवर आलंय, खरंच असेल" असं धरून चालू नका.

सौर पंपाचंही तसंच. कुसुम योजनेच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून नोंदणी फी उकळण्याचे प्रकार झाले, केंद्र सरकारने त्याबद्दल सावधही केलं आहे. वेबसाइटचा पत्ता शेवटून वाचायची सवय लावा. पीएम किसानच्या खऱ्या पत्त्याचा शेवट "डॉट जीओव्ही डॉट इन" असा आहे, महावितरणचा "महाडिस्कॉम डॉट इन". मध्ये ही नावं आणि शेवटी भलतंच काही, तर तो पत्ता खोटा.

*कंपनीचा ई-मेल कसा ओळखायचा?*
वर दिसणारं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. त्या नावावर बोट दाबा, पूर्ण पत्ता दिसेल. तो तुमच्या मालाच्या पावतीवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एक अक्षर जरी इकडचं तिकडं असलं तरी उघडू नका.

*कंपनी हे कधीच करत नाही:*
❌ ओटीपी किंवा पिन मागत नाही.
❌ एपीके फाइल पाठवत नाही.
❌ पेमेंट देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला लावत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात.
❌ फोनवर किंवा ई-मेलवर बँक खातं बदलत नाही. त्यासाठी पासबुक घेऊन मंठ्याच्या ऑफिसात यावं लागतं.

शंका आली तर मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका, तो चोरच उचलणार. पावतीवरचा नंबर लावा. "आजच करा, नाहीतर बंद होईल" अशी घाई दिसली की समजा, गडबड आहे. आपलं पेमेंट एका दिवसात बुडत नाही.

*चुकून फाइल टाकली गेली तर:*
१. लगेच फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा.
२. दुसऱ्याच्या फोनवरून *१९३०* लावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.
३. बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा.
४. पोलीस ठाण्यात तक्रार द्या.
५. जाणकाराकडून फोन साफ करून घेतल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नका.

लाजू नका, लपवू नका. शिकले-सवरलेलेही फसतात. तुम्ही वेळेत सांगितलं तर ग्रुपवरचे बाकीचे वाचतील.

या मेसेजमध्ये आम्ही एकही लिंक मुद्दाम टाकलेली नाही. घरात फोन वापरणाऱ्या सगळ्यांना, म्हाताऱ्या माणसांना तर नक्की, तो वाचून दाखवा 🙏

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मंठा