मोर्चाला न आलेल्या भगिनी कुणाच्या बाजूने मोजायच्या?

महिलांचा मोर्चा तहसीलवर गेला की दुसऱ्या दिवशी आकडा छापून येतो. तो आकडा चालणाऱ्या पायांचा असतो. जिचे पाय चालत नाहीत, जी डायलिसिसवर आहे, जी सिकलसेलच्या कळांनी खाटेवर पडली आहे, ती त्या आकड्यात कोठेच नसते. बाभुळगाव तालुक्यातील खेड्यांतून तालुक्याच्या गावी यायचे तर धडधाकट बाईलाही कापूस वेचणीची मजुरी बुडवून यावे लागते. मग कुबडीवर चालणाऱ्या भगिनीने काय करावे?

२१ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनला महिलांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा तेथील अपंग व आजारी स्त्रियांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी आपले नाव, छायाचित्र आणि मोर्चात का उतरायचे आहे याची हकिकत इंटरनेटवरून पाठवली आणि 'डिसॅबिलिटी मार्च' या नावाने घरूनच मोर्चात सामील झाल्या. आमच्याकडे प्रत्येक घरी इंटरनेट नसेल, पण कागद आहे, अंगठा आहे, शेजारणीचा मोबाईल आहे.

हा केवळ सहानुभूतीचा विषय आहे असे कुणी समजू नये. यात कायद्याचे गणित आहे. दारूदुकान बंद करण्यासाठी शासनाने २००८ साली आदेश काढला. लोक त्याला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. पण अट अशी घातली की आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या! याचा अर्थ काय? जी बाई अंथरुणातून उठू शकली नाही, तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या पदरात पडले. आणि दारूड्याचा मार सर्वांत आधी तिलाच बसतो, कारण ती पळू शकत नाही. मोर्चात तिची गैरहजेरी नुसती शून्य धरली गेली, येथे ती चक्क विरोधात गेली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्ध आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना १२-डी नमुना भरून घरी मतदान करता आले. कर्मचारी पेटी घेऊन दारात गेले. खासदार निवडताना जे शासनाला जमले, ते बाटली आडवी करताना का जमू नये? 'हे निवडणूक आयोगाचे मतदान नाही' असे उत्तर अधिकारी देतील. वकील म्हणून आम्ही त्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ३ वाचायला सांगू. अपंग व्यक्तीला समानतेने वागवणे आणि तिच्यासाठी वाजवी सोय करणे हे त्या कलमाने शासनावर बंधनकारक केले आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. विदर्भातील आमच्या वस्त्यांना आणि आदिवासी पोडांना या आजाराची ओळख करून द्यायची गरज नाही. (शासनाने 'अपंग' शब्द पुसून 'दिव्यांग' लिहिला. कचेरीच्या पायऱ्या मात्र तेवढ्याच उंच आहेत.)

१० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी त्यांची तळमळ होती. बिल मार्गी लागले नाही आणि सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रियांच्या हक्कासाठी आजारी माणूसच झगडत होता, हे त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्यांनी विसरू नये. १९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिला हजारो स्त्रिया आल्या. घरी राहिलेल्या आजारी स्त्रियांची यादी तेव्हा कुणी केली नसेल, पण आज ती करायला काय अडचण आहे?

बाभुळगावच्या महिला मंडळांना आमची सूचना अशी. मोर्चाच्या आठ दिवस आधी दोघी-तिघींनी घरोघर जावे. जी येऊ शकत नाही तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, वाचून दाखवावे, मग सही किंवा अंगठा घ्यावा. नवऱ्याची किंवा मुलाची सही चालवून घेऊ नये. बाटलीच्या मतदानाचा अर्ज असेल तर घरी येऊन पडताळणी आणि घरी येऊन मतदान, अशी लेखी मागणी त्याच अर्जात करावी. निवेदन देताना ही दुसरी यादी पहिलीच्या वर लावावी, साहेबांपुढे त्यातील चार नावे मोठ्याने वाचावीत आणि दोन्ही याद्यांची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये.